शंभर टक्क्यांनंतरची तीन मिनिटं

धाराशिव जिल्ह्यात लग्नाचं शूटिंग एका दिवसात आटोपत नाही. हळद, लग्न, वरात, घरचा गोंधळ आणि मग जोडीनं तुळजापूरला जाऊन देवीचं दर्शन, या सगळ्यांत कॅमेरावाला सोबत असतो. सेकंदाला १०० मेगाबिट या दरानं रेकॉर्ड करणारा कॅमेरा तासाभरात ४५ जीबी भरतो. दोन कॅमेरे चार-चार तास चालले तर ३६० जीबी होतात. हा सगळा ऐवज कार्डावरून कम्प्युटरवर, तिथून हार्ड डिस्कवर आणि एडिटिंग झाल्यावर ग्राहकाच्या पेनड्राइव्हवर जातो. दर टप्प्याला कुणीतरी पडद्यावरच्या पट्टीकडे बघत बसलेलं असतं. पट्टी भरली की कार्ड फॉरमॅट होतं, कारण दुसऱ्या दिवशी दुसरं लग्न असतं.

डेटा हलवण्याचं काम फक्त स्टुडिओत चालतं असं नाही. २०२३ मध्ये निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या समितीमार्फत मराठवाड्यात कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला, तेव्हा निजामी राजवटीतली मोडी आणि उर्दू दप्तरं उघडली गेली आणि पानांचे स्कॅन निघाले. स्कॅन केलेलं पान म्हणजे एक छोटी फाइल, आणि अशा फायलींच्या राशी एका डिस्कवरून दुसरीवर नेणं हे लग्नाच्या चार मोठ्या फायली नेण्याहून फार वेगळं काम आहे. लोहारा-सास्तूर पट्ट्यात तर प्रत जपून ठेवण्याचं महत्त्व कुणाला सांगावं लागत नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटेच्या भूकंपात घरांबरोबर कागद आणि फोटोही ढिगाऱ्याखाली गेले.

डिस्क कॉपी करणाऱ्या सॉफ्टवेअरबद्दल जी तक्रार सर्वांत जास्त ऐकू येते ती वेळेची असते: दहा मिनिटं म्हणालं आणि तास लागला, ९९ वर अडकलं, मागे आलं. या तक्रारी खऱ्या आहेत आणि बहुतेकांची कारणं शोधता येतात. माझं म्हणणं मात्र असं, की वेळेचा अंदाज चुकणं हा या प्रश्नाचा सौम्य भाग आहे. अंदाज चुकला तर एखादा तास जातो. शंभर टक्के खोटे निघाले तर लग्न पुन्हा लागत नाही. दुरुस्तीला बसणाऱ्यानं आणि सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यानंही आधी शंभराकडे बघावं, उरलेल्या मिनिटांकडे नंतर.

टक्केवारी म्हणजे शाळेतला अपूर्णांक. वर झालेलं काम, खाली एकूण काम. पट्टी चुकते तेव्हा कधी छेद चुकलेला असतो, कधी अंश. उरलेला वेळ काढताना त्यात वेग मिसळतो आणि गोंधळ तिप्पट होतो. पट्टी कशी चुकते आहे हे नीट पाहिलं तर यांतलं काय बिघडलं ते बऱ्याचदा तिथल्या तिथे ओळखता येतं.

छेदापासून सुरुवात करू. युनिक्सवरची जुनी कमांड डीडी ही डिस्कची जशीच्या तशी प्रत काढते, पण एकूण किती काम आहे याचा विचार ती करतच नाही. वाचलं, लिहिलं, संपलं की थांबली. कित्येक वर्षं ती चालू असताना पडद्यावर काहीच दिसत नसे. दुसऱ्या खिडकीतून तिला सिग्नल पाठवला तर तेवढ्यापुरता आकडा छापायची. लिनक्सवरच्या डीडीला चालू प्रगती दाखवण्याची सोय २०१५ मध्ये मिळाली, आणि तीही टक्के दाखवत नाही. किती बाइट गेले, किती वेळ झाला, वेग काय, एवढंच. मला ही मर्यादा खटकत नाही. जे माहीत नाही ते ती सांगत नाही.

आरसिंकची गोष्ट वेगळी. २००८ च्या तिसऱ्या आवृत्तीपासून हा प्रोग्राम सगळ्या फोल्डरांची यादी आधी न बनवता, यादी करता करताच कॉपी सुरू करतो. काम लवकर सुरू होतं, मेमरी कमी लागते. पण छेद वाढत राहतो, म्हणून एकूण टक्के ४० वरून ३१ वर येताना दिसतात. बिघाड काहीच नसतो. यादी आधी पूर्ण करायला सांगणारा पर्याय दिला की आकडा स्थिर होतो, सुरुवातीला थोडं थांबावं लागतं एवढंच. स्कॅनच्या राशी नेताना तो पर्याय द्यावा असं मी सुचवीन.

पूर्ण डिस्कचं क्लोनिंग करताना आणखी एक प्रश्न येतो: रिकामी जागा मोजायची की नाही? तैवानच्या राष्ट्रीय संगणन केंद्रात तयार झालेलं क्लोनझिला आतून पार्टक्लोन वापरतं, आणि पार्टक्लोन फक्त वापरातले ब्लॉक उचलतं. त्याच्या पडद्यावर दोन पट्ट्या असतात. एक प्रत्यक्ष डेटाची, दुसरी डिस्कवरच्या एकूण ब्लॉकांची. दुसरी पट्टी रिकाम्या भागात टुणकन पुढे उडी मारते आणि नवखा माणूस घाबरतो, की मधलं काही वगळलं की काय. वगळलेलं असतंच, पण तिथे काही नव्हतं. ५०० जीबीच्या डिस्कवर ६० जीबी डेटा असेल तर भरवसा पहिल्या पट्टीवर ठेवावा. याउलट एखादं सॉफ्टवेअर एकच पट्टी दाखवत असेल आणि ती एका ठिकाणी उड्या मारत, दुसऱ्या ठिकाणी रांगत असेल, तर ते एकूण आकारमानानं मोजतं आहे असं समजावं.

आकड्यांच्या जुन्या मर्यादा आता कमी भेटतात, पण जिल्ह्यातल्या दुकानांत जुनी यंत्रं अजून चालू आहेत म्हणून सांगतो. ३२ बिटांच्या मोजणीत ५१२ बाइटच्या सेक्टरांची डिस्क २.२ टीबीपर्यंतच मोजता येते. ३ टीबीची डिस्क जुन्या यूएसबी केसमध्ये घातली की ७४६ जीबी दिसते, ती याच कारणानं. अशा केसमधून क्लोन घेऊ नये, टक्के कितीही व्यवस्थित चालले तरी. फॅट३२ वर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल मावत नाही, तीही याच जातीची मर्यादा. आणि १ टीबीची डिस्क ९३१ दिसते यात कुणी फसवलेलं नसतं. कंपनी हजाराच्या हिशेबानं मोजते, विंडोज १०२४ च्या.

वेगाबद्दल थोडं सविस्तर बोलायला हवं, कारण उरलेली मिनिटं त्यावरच ठरतात. फिरत्या हार्ड डिस्कवर बाहेरच्या कडेचा ट्रॅक लांब असतो, त्यावर एका फेऱ्यात जास्त डेटा बसतो. क्लोन बाहेरून आत येतो. सुरुवातीला सेकंदाला २०० एमबी देणारी डिस्क शेवटी १०० च्या आसपास येते. १ टीबीची अशी डिस्क कॉपी करताना सॉफ्टवेअर पहिल्या दहा मिनिटांत दीड तासाच्या आतला अंदाज देतं, आणि प्रत्यक्षात पावणेदोन तासांहून जास्त लागतात. वेग सावकाश, सलग उतरत गेला तर डिस्क ठणठणीत आहे. ती तिच्या घडणीप्रमाणेच वागते आहे.

वेग एकदम कोसळला तर कारण दुसरं. स्वस्त एसएसडी आणि पेनड्राइव्ह आपल्या जागेचा एक भाग झटपट लिहिण्यासाठी राखून ठेवतात. तो भरेपर्यंत वेग झोकात असतो, भरला की चिपची खरी गती उघडी पडते. कुठल्याही लग्नाच्या पेनड्राइव्हवर हे दिसेल: पहिले काही जीबी भराभर, मग रखडत. फिरत्या डिस्कांमध्ये ट्रॅक कौलांसारखे एकमेकांवर चढवून लिहिण्याची पद्धत २०१३ पासून बाजारात आली आहे, आणि तिथेही लांबलचक लेखनात वेग असाच कोसळतो. वेस्टर्न डिजिटलनं आपल्या रेड मालिकेतल्या काही डिस्क याच पद्धतीच्या असल्याचं एप्रिल २०२० मध्ये जाहीर केलं, तेव्हा ग्राहकांत मोठा रोष उसळला. बॉक्सवर ते लिहिलेलंच नव्हतं. प्रगतीचा अंदाज देणाऱ्या सॉफ्टवेअरला तर ते कळण्याचा काही मार्गच नव्हता.

छोट्या फायलींचा हिशेब निराळा. दर फाइलमागे नाव नोंदवणं, जागा शोधणं, अँटीव्हायरसनं तपासणं हा ठरलेला खर्च असतो. दहा हजार पानांच्या स्कॅनना तेवढ्याच आकाराच्या एका व्हिडिओच्या कितीतरी पट वेळ लागू शकतो. पट्टी बाइट मोजत असेल तर ती छोट्या फायलींपाशी अडकल्यासारखी दिसते; फायली मोजत असेल तर एका मोठ्या फाइलपाशी. हे तपासायला सोपं आहे: अडकली असेल त्या क्षणी कोणत्या फाइलचं नाव दिसतंय ते बघावं. आणि अशा राशी नेण्याआधी एका आर्काइव्हमध्ये बांधून घ्याव्यात.

विंडोजच्या इतिहासातला एक प्रसंग या सगळ्या प्रश्नाच्या गाभ्याशी नेतो. २००७ च्या व्हिस्टावर कॉपी फार हळू होते असा जगभर ओरडा झाला. मायक्रोसॉफ्टचे मार्क रुसिनोविच यांनी फेब्रुवारी २००८ मध्ये त्यामागचं कारण तपशिलानं मांडलं. त्याआधीच्या एक्सपीमध्ये डेटा आधी रॅममधल्या कॅशमध्ये जायचा आणि तिथे पोचला की कॉपीची खिडकी बंद व्हायची. डिस्कवर लिहिणं त्यानंतरही चालू असे. पहिल्या व्हिस्टात मोठ्या कॉपीसाठी कॅश टाळली गेली, त्यामुळे खिडकी बंद व्हायची ती डेटा खरोखर पोचल्यावरच. वापरणाऱ्याला ती उशिरा बंद होते आहे एवढंच दिसलं. सर्व्हिस पॅक १ मध्ये मायक्रोसॉफ्टनं कॅश परत आणली. हे वाचताना मला वाईट वाटतं. अधिक खरं सांगणारी पद्धत मंद समजली गेली आणि मागे घेतली गेली. त्या निर्णयाला इतर तांत्रिक कारणं होती आणि ती योग्यही होती, पण खिडकी बंद होणं म्हणजे काम झालं ही लोकांची समजूत कायम राहिली.

लिनक्सवर हाच प्रकार आणखी ठळक आहे. तिथे उपलब्ध मेमरीच्या २० टक्क्यांपर्यंत न लिहिलेला डेटा रॅममध्ये साठवून ठेवण्याची मुभा पूर्वापार आहे. ८ जीबी रॅमच्या कम्प्युटरवर हा साठा दीड जीबीच्या घरात जाऊ शकतो. पेनड्राइव्ह सेकंदाला ८ एमबी घेत असेल, तर पट्टी शंभरावर पोचल्यावर तीन मिनिटं खरं लेखन बाकी असतं. त्या तीन मिनिटांत कुणी पेनड्राइव्ह उपसला, किंवा वळवाचा पाऊस आला आणि लाइट गेली, तर शेवटची फाइल तुटते. घरी टीव्हीला लावल्यावर फाइलचं नाव दिसतं, आकार बरोबर दिसतो आणि कन्यादानाच्या मध्येच चित्र गोठतं.

विंडोज १० नं ऑक्टोबर २०१८ च्या आवृत्तीपासून बाहेरून जोडलेल्या ड्राइव्हसाठी लेखनाची कॅश मुळातच बंद ठेवायला सुरुवात केली, म्हणजे ड्राइव्ह पटकन काढला तरी धोका कमी. बदल चांगला होता. पण कॉपी जोरात व्हावी म्हणून कितीतरी दुकानांत ती सेटिंग उलटवून ठेवलेली असते, आणि मग काढताना इजेक्ट करणं सक्तीचं होतं हे लक्षात राहत नाही. संशय असेल तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये त्या ड्राइव्हची पॉलिसी उघडून बघावी. लिनक्सवर सिंक ही कमांड द्यावी आणि ती परत येईपर्यंत हात लावू नये. मेमरीची माहिती देणाऱ्या फाइलमध्ये डर्टी आणि राइटबॅक असे दोन आकडे असतात. ते उतरत उतरत शून्याजवळ येतात तो खरा शंभर टक्क्यांचा क्षण. डीडी वापरणाऱ्यानं शेवटी सगळं डिस्कवर ढकलायला लावणारा एफसिंकचा पर्याय द्यावा. मग शेवटची ओळ छापली जाते ती डेटा पोचल्यावर.

याहून वाईट प्रकार बनावट पेनड्राइव्हचा. चिप ८ जीबीची, कंट्रोलर सांगतो १ टीबी. कॉपी मारताना टक्के सुरळीत चालतात, शंभर होतात, फायलींची यादी दिसते आणि ८ जीबीपलीकडचं काहीही उघडत नाही. इथे सॉफ्टवेअरचा दोष नाही, कारण खाली बसलेलं यंत्रच खोटं बोलतं. जर्मनीतल्या सीटी मासिकाचं एचटूटेस्टडब्ल्यू आणि लिनक्सवरचं एफथ्री ही दोन मोफत साधनं पूर्ण ड्राइव्ह भरून पुन्हा वाचतात आणि खरी जागा सांगतात. नवा ड्राइव्ह ग्राहकाच्या हातात देण्याआधी ही तपासणी एकदा करावी. वेळ लागतो, पण दुकानाचं नाव त्यावर असतं.

मग ९९ टक्क्यांवर किंवा मध्येच कुठेतरी पूर्ण थांबलेली पट्टी. वेग शून्य, डिस्कमधून टकटक आवाज. सेक्टर खराब असला की डिस्क स्वतःच तो पुन्हा पुन्हा वाचून बघते. नेटवर्क साठवणीसाठीच्या डिस्क साधारण ७ सेकंदांत हार मानतात, घरगुती डिस्क कितीतरी जास्त वेळ झगडतात. असे शंभर सेक्टर सलग आले तर पट्टी तासभर हलत नाही, आणि तोवर डिस्क आणखी झिजते. अशा वेळी नेहमीची कॉपी बंद करावी. डिस्क स्वतःच्या तब्येतीची जी नोंद ठेवते त्या स्मार्ट माहितीत वाट पाहणाऱ्या (पेंडिंग) सेक्टरांचा आकडा वाढत असेल तर डिस्क जाते आहे. त्याऐवजी सीआरसी त्रुटींचा, म्हणजे वाटेत बिघडलेल्या डेटाचा, आकडा वाढत असेल तर केबल बदलून बघावी. मोठ्या दुरुस्त्या अनेकदा तिथेच संपतात.

मरणाऱ्या डिस्कसाठी अँटोनियो डियाझ डियाझ यांचं जीएनयू डीडीरेस्क्यू हे साधन आहे, आणि मी आजवर पाहिलेल्या पडद्यांत त्याचा पडदा मला सर्वांत प्रामाणिक वाटतो. ते आधी सोपा भाग उचलतं, अवघड जागा सोडून पुढे जातं आणि शेवटी त्यांच्याकडे परत येतं. पडद्यावर वेगवेगळे आकडे असतात: किती वाचवलं, वाचताना किती त्रुटी आल्या, खराब पट्टे किती, आत्ताचा वेग, सरासरी वेग, आणि शेवटचं यशस्वी वाचन किती वेळापूर्वी झालं. तो शेवटचा आकडा सोन्याचा आहे. पट्टी अडकली की माणूस एकच गोष्ट विचारत असतो, हे जिवंत आहे का? त्याचं थेट उत्तर तिथे मिळतं. उरलेल्या वेळेचा अंदाज ते देतं, पण बाकीच्या आकड्यांमुळे तो अंदाज किती गंभीरपणे घ्यायचा हे आपण ठरवू शकतो.

प्रगतीच्या पट्टीवर संशोधनही झालेलं आहे. ब्रॅड मायर्स यांनी १९८५ मध्ये दाखवलं की टक्के दाखवणारी पट्टी असली की लोकांना प्रोग्राम जास्त आवडतात. ख्रिस हॅरिसन आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये असं मांडलं की शेवटाकडे वेग घेणारी पट्टी तेवढ्याच वेळातही लवकर संपल्यासारखी वाटते. गाणं डाउनलोड होताना किंवा ॲप उघडताना असं रंगकाम चालेल. डिस्क कॉपीच्या सॉफ्टवेअरमध्ये ते करू नये, असं माझं ठाम मत आहे. तिथे पट्टीकडे पाहून माणूस मूळ प्रत पुसतो. मला हवी असलेली पट्टी तीन रंगांची आहे: वाचलेलं, रॅममधून निघून ड्राइव्हनं स्वीकारलेलं, आणि परत वाचून ताडलेलं. ताडून पाहिल्याशिवाय शंभर हा आकडा दाखवूच नये.

ताडून पाहण्यातही एक खोच आहे. कॉपी झाल्या झाल्या दोन्ही फायलींचा हॅश, म्हणजे मजकुरावरून निघणारी ओळखखूण, काढला तर बऱ्याचदा नवी फाइल डिस्कवरून वाचलीच जात नाही. ती अजून रॅममध्ये असते, तिथूनच वाचली जाते आणि हॅश अर्थातच जुळतो. म्हणून ड्राइव्ह इजेक्ट करून, काढून, पुन्हा जोडून मग हॅश काढावा. विंडोजमध्ये सर्टयूटिल ही कमांड मुळातच असते, वेगळं काही घ्यावं लागत नाही.

लाइट गेल्यानंतर काय करायचं, हे आपल्याकडे रोजच्या कामाचं आहे. विंडोजमध्ये कॉपी सुरू होताना नव्या फाइलची पूर्ण जागा आधीच आखली जाते. मध्येच वीज गेली तर अर्धी लिहिलेली फाइल पूर्ण आकाराची दिसू शकते, आणि पुन्हा कॉपी लावल्यावर समोर येणाऱ्या प्रश्नाला वगळा असं उत्तर दिलं तर ती तशीच राहते. त्यामुळे वीज गेली तेव्हा चालू असलेली फाइल नेहमी बदलावी, वगळू नये. आरसिंक नवी फाइल तात्पुरत्या नावानं लिहितो आणि पूर्ण झाल्यावरच खरं नाव देतो, म्हणून तिथे हा धोका नाही. डीडीरेस्क्यू काय वाचलं आणि काय राहिलं याचा नकाशा वेगळ्या फाइलमध्ये जपतं आणि तिथून पुढे सुरू करतं. तो नकाशा ज्या डिस्कवर कॉपी चालली आहे तिच्यावर न ठेवता दुसरीकडे ठेवावा. आणि मोठी बाहेरची डिस्क भिंतीच्या अडॅप्टरवर चालते, ती लाइट गेल्याबरोबर बंद पडते, तिच्या आतल्या कॅशमधलं जे काही असेल ते घेऊन. लॅपटॉपच्या यूएसबीवर चालणारी अडीच इंची डिस्क बॅटरी असेतोवर लिहीत राहते. उन्हाळ्यात कार्ड रिकामी करायची असतील तेव्हा मी तीच वापरायला सांगतो, वेग कमी असला तरी.